गावाची धान्य बँक: धान्य गोळा करण्याआधी काय करायचं, आणि नंतर कोणत्या क्रमाने

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कणगी रिकामी होते, रानातून कंद येऊ लागतात आणि कोणीतरी दुकानदाराकडून दिडीने, म्हणजे दीडपट परत करायच्या बोलीवर तांदूळ आणतं. मग गावातले चार-पाच जण ठरवतात की आपली धान्य बँक काढू, म्हणजे गावाचा साठा करून टंचाईत उसना देऊ आणि सुगीत परत घेऊ, आणि लगेच पोती घेऊन घरोघर फिरतात. त्या महिन्यात बहुतेक घरांत देण्यासारखं काही नसतं. जे जमतं ते चार दिवसांत वाटून संपतं, कोणाकडे किती गेलं ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि दिवाळीला परत मागताना भांडणं होतात. पुढच्या वर्षी बँकेचं नाव कोणी काढत नाही.

या साऱ्यात चुकतो तो क्रम. आधी उपाशी राहणारी घरं शोधायची, मग त्यांच्या हक्काचं सरकारी धान्य मिळवायचं, मग नियम लिहायचे, मग जागा पाहायची आणि धान्य सगळ्यांत शेवटी. पुढचे टप्पे जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा, अकोले या पट्ट्यातल्या भात, नागली (नाचणी) आणि वरई पिकवणाऱ्या पाड्यांना समोर ठेवून लिहिले आहेत. ज्वारी-बाजरीच्या गावांत महिने बदलतील, क्रम तोच राहील.

वेळापत्रक साधारण असं ठेवा: ऑगस्टमध्ये पाहणी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नियम, हळवं (लवकर पिकणारं) भात घरात आल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत धान्य जमा करणं, आणि जून ते सप्टेंबर वाटप. एक गाव, एक पाडा किंवा तीस ते पन्नास घरं एवढाच आवाका धरा. दोन पाड्यांची एकच बँक करू नका. पावसात ओढा भरला की पलीकडच्यांना धान्य नेताच येत नाही.

## १. भूक कोणत्या घरात आणि कोणत्या महिन्यात, ते लिहून काढा

पाहणी ऑगस्टमध्येच करण्याला कारण आहे. भूक तेव्हा ताजी असते आणि माणसं घरी असतात. दिवाळीनंतर वीटभट्टीला, रेतीला, बांधकामाला गेलेली कुटुंबं तुम्हाला भेटणारच नाहीत, आणि नेमकी तीच कुटुंबं यादीत पहिली यायला हवीत.

"तुमच्याकडे खायला कमी पडतं का?" असं थेट विचारू नका. स्वाभिमानी माणूस "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारा:

- यंदाची नागली कोणत्या सणापर्यंत पुरली?
- भाकरीऐवजी पेज कधीपासून सुरू झाली?
- कडूकंद कोणत्या महिन्यात शिजवावे लागले?
- धान्य उसनं कोणाकडून आणलं, आणि परत किती द्यायचं ठरलं? सवाई, दिडी की दुप्पट?

प्रश्न शक्यतो बाईला विचारा, चुलीजवळ बसून. घरात किती उरलंय हे तिला पसाभराच्या हिशोबाने माहीत असतं. पुरुषांच्या बैठकीत केलेली यादी जवळपास नेहमीच चुकते.

प्रत्येक घरासमोर बारा महिन्यांचे रकाने काढा आणि टंचाईच्या महिन्यांवर खूण करा. मग वेगळ्या शाईने चार गोष्टी टिपा: एकटी राहणारी म्हातारी माणसं, विधवा, जमीन नसलेली घरं, आणि ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही अशी घरं. चौकातल्या चर्चेत ही घरं हमखास सुटतात.

तपासा: यादी पूर्ण झाली की आशाताई आणि अंगणवाडीताईंना दाखवा. कोणत्या घरात मूल कमी वजनाचं आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं एखादं घर तुमच्या यादीत नसेल तर त्या घरी पुन्हा जा.

सावधान: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला (पट्टीवर लाल रंग), तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला धान्य बँकेचा तांदूळ पुरणार नाही. त्याच दिवशी आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ते मूल आजारी असेल, खात नसेल किंवा पायावर सूज असेल तर दाखल करावंच लागतं. बँकेची बैठक थांबेल, मूल थांबू शकत नाही.

## २. हक्काचं धान्य आधी घरात आणा

हा टप्पा लोक सर्वाधिक वगळतात, आणि माझ्या मते बँक टिकणार की नाही हे इथेच ठरतं. रेशन पूर्ण मिळत नसताना बँक उघडली, तर सरकारने द्यायचं धान्य तुम्ही शेजाऱ्याच्या कणगीतून देत राहता. ती तूट कोणत्याही गावाला भरून काढता येणार नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळायला हवं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानदार त्यासाठी पैसे मागत असेल तर ते बेकायदा आहे. यादीतल्या प्रत्येक टंचाईच्या घराचं कार्ड हातात घेऊन बघा:

नावं किती? घरात सात माणसं आणि कार्डावर चार, हे सर्रास दिसतं. लग्न होऊन आलेली सून आणि तिची मुलं बहुधा राहिलेली असतात. तीन नावं नसली की महिन्याला १५ किलो गेले. टंचाईच्या तीन महिन्यांत ते ४५ किलो होतात, म्हणजे बँक एका घराला जेवढं देऊ शकेल त्याहून जास्त.

कार्ड कोणतं? कातकरी, कोलाम आणि माडिया या आदिम जमातींतली कुटुंबं अंत्योदयला पात्र आहेत. एखाद्या कातकरी वाडीत साधी केशरी कार्डं दिसली तर तहसीलच्या पुरवठा शाखेत एकत्र अर्ज करा. पण आधी माणसं मोजा. सात माणसांना दोन्हींकडे ३५ किलोच मिळतात, आणि आठ किंवा अधिक माणसं असतील तर प्राधान्य कार्डावर जास्त धान्य मिळतं. सरसकट सगळ्यांना अंत्योदयकडे ढकलू नका.

ई-केवायसी (आधारने ओळख पटवणं) झाली का? कामाला बाहेर गेलेल्यांची राहून जाते आणि धान्य बंद झाल्यावर कळतं. ते घरी असतानाच करून घ्या.

पावती मिळते का? मशीनवर अंगठा उमटला की पावती घ्यायची, आणि पावतीवरचे किलो व पिशवीतले किलो जुळतात का ते पाहायचं. गावाचा एक वजनकाटा रेशनवाटपाच्या दिवशी दुकानासमोर ठेवला, तरी पुष्कळ फरक पडतो. भांडायचं कारण नाही, फक्त मोजायचं.

वीटभट्टीवर जाणाऱ्यांना नीट समजावून सांगा की कार्ड दुसऱ्या तालुक्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही चालतं. भिवंडी-वसईकडे गेलेलं कुटुंब तिथल्या दुकानातून धान्य घेऊ शकतं.

तक्रार असेल तर आधी दुकानाच्या दक्षता समितीकडे, मग तहसीलदाराकडे, आणि तरी निकाल नसेल तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. १९६७ या क्रमांकावर फोनही करता येतो, पण फोनवर तक्रार केली तर तिचा नंबर वहीत लिहून ठेवा.

गरोदर आणि स्तनदा बायांना अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण मिळतं का, आणि निराधारांचे संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे अर्ज झालेत का, तेही याच फेरीत पाहून घ्या.

सावधान: रेशनच्या तांदळात मधूनमधून वेगळे दिसणारे दाणे असू शकतात. ते प्लास्टिक नाही. लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले ते पोषक दाणे आहेत. बाया ते निवडून टाकतात. गावबैठकीत हे एकदा मोठ्याने सांगा.

आणखी एक: रेशनचं धान्य बँकेत जमा करून घेऊ नका. गरीब घर आपल्या तोंडचं काढून देईल, आणि रेशन साठवल्याचा संशय बँकेवर येईल. बँकेत शेतातलं किंवा पावतीसह विकत घेतलेलंच धान्य यावं.

## ३. नियम लिहा, दाणा जमा होण्याआधी

धान्य समोर आल्यावर नियम ठरवायला बसलात, तर प्रत्येक नियम कोणाच्या तरी तोंडाकडे बघून ठरतो. म्हणून आधी लिहा, ग्रामसभेत वाचा, ठराव करून घ्या. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिचाच ठराव घ्या.

बँक चालवायला बचत गटांचा ग्रामसंघ सर्वांत योग्य. हिशोबाची सवय असते, बैठका होत असतात, आणि उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघाला मिळणारा जोखीम प्रवणता निधी अन्नाच्या अडचणीसाठीही वापरता येतो. पाच जणींची समिती पुरे. त्यात टंचाईच्या घरांतल्या किमान दोघी हव्यातच. बाकी सगळ्या खात्यापित्या घरच्या असतील तर मागायला येणारी बाई दारातूनच परत जाते.

नियमांत या प्रश्नांची उत्तरं असायला हवीत:

एका घराला एका वेळी किती, आणि हंगामात एकूण किती? पहिल्या वर्षी एकूण ४० किलोच्या वर जाऊ नका.

परत देताना वाढ किती? दहा किलोला एक किलो योग्य वाटते. त्याहून कमी घेतलं तर सुकणं, सांडणं, किडणं यातच भांडवल घटत जातं. लवकर मोठं होण्याच्या नादात सवाईवर गेलात, तर दुकानदारात आणि तुमच्यात फरक काय राहिला?

पीक गेलं तर? घरात मृत्यू झाला तर? अशा वेळी परतफेड पुढच्या हंगामावर ढकलायची आणि वाढ माफ करायची, हे आधीच लिहिलेलं असावं. ऐन वेळी दया मागायला लावणं वाईट.

ज्यांना परत करणं कधीच शक्य नाही, त्यांचं काय? एकूण साठ्याचा दहावा भाग निराधारांचा वाटा म्हणून वेगळा ठेवा. हा वाटा परत मागायचा नाही, आणि तो कोणाला दिला हे चारचौघांत वाचायचं नाही. वहीत फक्त घर क्रमांक लिहा.

भात घेतलं तर भात परत, नागली घेतली तर नागली परत. अदलाबदल करू नका. एक क्विंटल भात भरडून साधारण ६० ते ६७ किलोच तांदूळ निघतो. हे विसरून किलोला किलो धरलं की बँक बुडते.

तपासा: नियमांचा कागद समितीबाहेरच्या एखाद्या बाईला वाचून दाखवा आणि तिला विचारा, "तुला श्रावणात २० किलो हवेत, काय करशील?" तिला सांगता आलं नाही तर नियम पुन्हा सोपे लिहा.

## ४. किती धान्य लागेल

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य धरतात. लहान मुलं धरून पाच जणांच्या घराला महिन्याला ५० किलोच्या आसपास लागतं. रेशनचे २५ आले तर तूट २५ किलोची. चाळीस घरांच्या पाड्यात चौदा घरं टंचाईची आणि टंचाई तीन महिन्यांची असेल, तर गरज साडेदहा क्विंटल होते.

पहिल्याच वर्षी एवढं जमणार नाही, आणि जमवायला जाऊही नका. चौदा घरांना प्रत्येकी ४० किलो धरले तर ५६० किलो होतात. म्हणजे सहा क्विंटलचं लक्ष्य पुरे. उरलेल्या सव्वीस घरांनी प्रत्येकी ५ किलो नागली आणि १० किलो भात दिलं, तर भरडल्यावर जवळपास तीन क्विंटल होतात. बाकीचे तीन ग्रामसंघाच्या निधीतून सुगीत, भाव पडलेला असताना विकत घ्या. जूनमध्ये घेतलंत तर त्याच पैशांत खूपच कमी येईल.

रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची पद्धतही चांगली आहे, पण ती फक्त ज्यांची कणगी वर्षभर पुरते त्यांच्यासाठी. "सगळ्यांनी द्यायचं" असा नियम केला की टंचाईचं घर लाजेखातर देतं आणि दोन महिन्यांनी तेच धान्य वाढीने परत घेतं.

## ५. जागा आणि पोती

जागा उंच जोत्याची, न गळणारी आणि रस्त्याला लागून असावी. समाजमंदिराची खोली चालते. कोणाच्या राहत्या घरात साठा ठेवू नका, ते घर कितीही प्रामाणिक असो. पाहुणा आला तरी गावात कुजबुज सुरू होते.

मेमध्ये छप्पर बघा, भिंतींच्या भेगा आणि उंदरांची बिळं सिमेंट-खडीने बुजवा, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा. पोत्यांखाली लाकडी फळ्या किंवा बांबूचा माच हवा, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडा, म्हणजे ओल लागत नाही आणि मागे हात घालून पाहता येतं. दाराला दोन कुलपं लावा आणि किल्ल्या दोन वेगळ्या आळीतल्या बायांकडे ठेवा.

पोती २५ किलोची घ्या. ५० किलोचं पोतं उचलायला पुरुष शोधावा लागतो, आणि मग किल्लीही हळूहळू त्याच्याकडे जाते.

सावधान: खताची किंवा औषधाची रिकामी गोणी धुऊनसुद्धा वापरू नका. जुनं बारदान वापरायचं असेल तर उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, कारण शिवणीत किड्यांची अंडी असतात.

## ६. धान्य घेताना: वाळवण, वजन, नोंद

साठा नासण्याचं मुख्य कारण ओल. भातात ओलावा १४ टक्क्यांच्या आतच हवा, पावसाळा काढायचा असेल तर १२-१३ टक्के बरा. यंत्र नसेल तर दोन परीक्षा करा.

दाणा दाताखाली धरा. कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला.

दुसरी मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत तीन भाग धान्य आणि एक भाग तव्यावर कोरडं केलेलं मीठ घाला, दोन-चार मिनिटं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ते धान्य परत उन्हात. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून घेऊन टाकू नका. एका ओल्या पोत्याची बुरशी शेजारच्या पोत्यांना लागते.

वाळवल्यावर धान्य सावलीत पूर्ण गार करा, मगच भरा. गरम धान्य पोत्यात कोंडलं की आत घाम सुटतो. ही चूक चांगल्या शेतकऱ्यांकडूनही होते.

मोजणी किलोतच करा. पायलीचं माप गावागणिक बदलतं, आणि एका पायलीत बसणाऱ्या भाताचं आणि नागलीचं वजन वेगळं असतं. वजन देणाऱ्यासमोर करा, वहीत तिथेच लिहा, सही किंवा अंगठा घ्या. पोत्यावर चिठ्ठी लावा: धान्य, वजन, महिना.

साठवायला काय निवडाल? नागली सर्वांत भरवशाची, तिला कीड जवळपास लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकते. तांदळापेक्षा भात टिकतं, कारण तूस दाण्याला जपतं. म्हणून भरडून ठेवू नका, वाटपाआधी पंधरा दिवस भरडा. उडदासारखी अख्खी कडधान्यं भुंग्यामुळे लवकर जातात, त्यांची डाळ करून थोडीच ठेवा.

सावधान: बियाणं या खोलीत आणू नका. विकतच्या बियाण्याला रंगीत औषध लावलेलं असतं, ते पोटात गेलं तर विषबाधा होते. अकोले तालुक्यातल्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांच्या कामामुळे बियाणे बँका अनेकांना ठाऊक आहेत, पण बियाण्याची बँक आणि खायच्या धान्याची बँक वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या वह्यांत चालवा.

## ७. पावसाळ्याआधीची राखण

दर पंधरा दिवसांनी दोघींनी मिळून साठा बघायचा. पोत्यात हात खुपसा: आत ऊब लागली तर कीड किंवा ओल आहे. पिठासारखी भुकटी दिसली तर पोरकिडे, दाण्याला भोक असेल तर सोंडे, दाणे जाळ्याने चिकटले असतील तर अळी. ते पोतं लगेच बाहेर काढा, उन्हात पसरा, चाळा, नव्या पोत्यात भरा. मेमध्ये एकदा सगळाच साठा उन्हात घालावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांत घातल्याने थोडी मदत होते, पण ओल्या धान्याला तो वाचवत नाही.

सावधान: धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, म्हणजे सेल्फॉससारख्या, कोणी कितीही सुचवल्या तरी वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसं मारतो, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचेही जीव गेले आहेत. बुरशी आलेलं धान्य धुऊन, वाळवून वाटू नका. कोंबड्यांनाही घालू नका, पुरून टाका.

## ८. वाटप

मागणी यायची वाट पाहू नका. ऑगस्टच्या यादीत ज्या महिन्यावर खूण आहे, त्याच्या आदल्या महिन्यात समितीने त्या घरी जाऊन "तुमचा वाटा तयार आहे" असं सांगायचं. घर दिडीच्या उसनवारीत अडकल्यावर धान्य दिलं, तर सुगीत ते आधी दुकानदाराला परत करतं आणि बँकेला काही उरत नाही.

आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि वेळ ठेवा, शक्यतो संध्याकाळी, आवणीहून बाया परतल्यावर. ४० किलो एकदम न देता दहा-दहा किलो द्या. एकदम दिलेलं धान्य पाहुण्यांत, सणात, कधी दारूच्या उधारीत जातं. कुटुंबातल्या बाईच्या नावाने आणि तिच्याच हातात द्या. जुनं पोतं आधी काढा.

तपासा: महिनाअखेर वहीतली शिल्लक आणि खोलीतलं वजन जुळवा. आकडा बैठकीत मोठ्याने वाचा: इतकं आलं, इतकं गेलं, इतकं उरलं. नावं वाचायची गरज नाही.

## ९. वसुली आणि वाईट वर्ष

वसुलीची तारीख इंग्रजी महिन्यावर ठरवू नका. पीक खळ्यावर आलं की आठ दिवसांत, आणि काहीही झालं तरी कुटुंब भट्टीवर जाण्याआधी. हळवं भात लावणाऱ्या घरांकडे आधी जा, गरव्यावाल्यांकडे, म्हणजे उशिरा पिकणारं भात लावणाऱ्यांकडे नंतर. जमीन नसलेल्या घराकडून मजुरीच्या पैशांतून, सुगीच्या भावाने, दोन हप्त्यांत घ्या.

परत आलेलं धान्यही सहाव्या टप्प्याच्या सगळ्या परीक्षांतून जायला हवं. इथे समिती हमखास ढिली पडते, आणि कचरा मिसळलेलं, अर्धओलं भात "परत आलं हेच खूप" म्हणून घेतलं जातं. पुढच्या श्रावणात ते कोणाच्या तरी ताटात जाणार आहे.

एखाद्या घराने दिलं नाही तर दारात जाऊन बोलणं नको. त्याच्या घरचं कारण आधी समजून घ्या. पीक गेलं असेल तर नियमाप्रमाणे पुढे ढकला. असून देत नसेल तर थकबाकी फिटेपर्यंत नवं धान्य नाही, एवढंच. मात्र त्या घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर निराधारांच्या वाट्यातून त्यांच्यापुरतं द्या. बापाच्या थकबाकीसाठी मुलाला उपाशी ठेवता येत नाही.

सगळ्या गावाचं पीक गेलं, अशा वर्षी वसुली सुरूच करू नका. उरलेला साठा निराधारांसाठी राखा, तहसीलदारांकडे ग्रामसभेच्या ठरावासह रोजगार हमीचं काम मागा, आणि कामाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाला तारीख घातलेली पोच मिळाली का ते बघा. कायद्याप्रमाणे काम वेळेत मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागताना तीच पोच लागते.